सोयाबीनचे दोन भाव : २०१८ चे शुल्कयुद्ध, पॅराग्वे आणि माळवा

काकांचा प्रश्न

२०१८ च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझे काका देवासजवळच्या गावाहून इंदूरला, आमच्या रामबागेतल्या घरी आले होते. त्यांचे सोयाबीन निघाले होते, पण विकले गेले नव्हते. एक ट्रॉली मंडीत नेऊन त्यांनी लिलाव पाहिला होता, आणि बोली केंद्र सरकारने त्या हंगामासाठी जाहीर केलेल्या ३,३९९ रुपये क्विंटल या हमीभावापर्यंतही न पोहोचल्यामुळे बाकीचा माल त्यांनी कोठीतच ठेवला होता. मी तेव्हा एका सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे सोयाबीनचे तेल काढून पेंड वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, निर्यात विभागात कागदपत्रांचे काम पाहत असे, त्यामुळे बाजाराचे प्रश्न घरात माझ्याकडेच येत.

"अरे, चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर शुल्क लावलं, त्यांचा माल घेणं बंद केलं म्हणतात. मग एवढा दाणा तो आणणार कुठून? आपल्याकडूनही घेईलच ना? मग आपला भाव का चढत नाही?"

"काका, आपला माल तिकडे जातच नाही."

"जात नाही, पण जाऊ तर शकतो. आपल्या सोयाबीनवरचं शुल्क त्यांनी काढून टाकलंय, असं तुम्हीच लोक सांगत होता."

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आशिया-पॅसिफिक व्यापार कराराच्या चौकटीत चीनने १ जुलै २०१८ पासून भारत, बांगलादेश, लाओस, दक्षिण कोरिया आणि श्रीलंका या पाच देशांच्या सोयाबीनवरचे ३ टक्के शुल्क शून्यावर आणले होते, आणि पाचच दिवसांनी, ६ जुलैला, अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले होते. एका दारावर कुलूप पडले आणि दुसरे सताड उघडले, असे कागदावर दिसत होते. तरीही देवासच्या मंडीत बोली वाढत नव्हती. त्या दिवशी मला काकांना नीट उत्तर देता आले नाही. पुढे दोन-अडीच वर्षे कामाच्या निमित्ताने आणि नंतर कुतूहलाने मी या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि उत्तराचा अर्धा भाग मला माळव्यापासून फार दूर, पॅराग्वे या देशात सापडला. म्हणून हे प्रकरण दोन्ही ठिकाणांचे मिळून लिहिले आहे.

एका दाण्याला दोन भाव

भांडण सोयाबीनवरून सुरू झालेले नव्हते. तंत्रज्ञानाचे सक्तीने हस्तांतर आणि बौद्धिक संपदा या मुद्द्यांवर अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावले, ऑगस्टमध्ये आणखी १६ अब्जांवर, आणि २४ सप्टेंबरपासून तब्बल २०० अब्जांवर १० टक्के, जे पुढे मे २०१९ मध्ये २५ टक्के झाले. उलट वार करताना चीनने सोयाबीन निवडले, कारण अमेरिकेच्या शेतीतला तो सर्वांत मोठा निर्यातमाल होता आणि तो पिकवणारी राज्ये राजकीयदृष्ट्या महत्त्वाची होती. २०१७ मध्ये चीनने बाहेरून घेतलेल्या साडेनऊ कोटी टन सोयाबीनपैकी जवळपास तीन कोटी तीस लाख टन अमेरिकेचे होते. २०१८ मध्ये तो आकडा अर्ध्यावर, सुमारे एक कोटी सहासष्ट लाख टनांवर आला.

शुल्काने भावाचे काय होते, हे एका कल्पित हिशोबाने पाहावे. चिनी गिरणीच्या दारात अमेरिकेचा आणि ब्राझीलचा दाणा प्रत्येकी ४०० डॉलर टन या भावाने पोहोचत होता, असे धरू. अमेरिकी दाण्यावर २५ टक्के शुल्क बसले, तर गिरणीला तो पूर्वीइतकाच पडावा यासाठी विकणाऱ्याने ३२० डॉलरला द्यावा लागेल. तेवढे खाली कोणी एकदम येत नाही, पण काही प्रमाणात अमेरिकेचा भाव उतरतो, आणि दुसरीकडे ब्राझीलवाल्याला कळते की गिऱ्हाईकाला आता माझ्याशिवाय पर्याय नाही, म्हणून त्याचा भाव चढतो. एकच माल, एकच प्रत, पण शुल्काच्या भिंतीमुळे दोन भाव.

प्रत्यक्षात नेमके हेच घडले. मेच्या अखेरीस शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीन बुशेलला दहा डॉलरच्या वर होते, आणि जुलैच्या मध्यापर्यंत ते साडेआठ डॉलरच्याही खाली गेले. बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो, टनाच्या हिशोबाने ही घसरण साधारण ७० डॉलरची होते. त्याच काळात ब्राझीलच्या बंदरांवर शिकागोच्या वर दिला जाणारा जादा भाव, ज्याला व्यापारी प्रीमियम म्हणतात, तो वाढत जाऊन शरदात बुशेलला दोन डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे शिकागो जेवढे पडले जवळपास तेवढेच ब्राझीलच्या प्रीमियमने भरून काढले, आणि ब्राझीलच्या शेतकऱ्याला घसरण जाणवलीच नाही.

छोट्या देशांवरचा परिणाम समजून घेण्याची किल्ली इथे आहे. जगातला जवळपास प्रत्येक सोयाबीन-सौदा शिकागोचा भाव पायाशी धरून होतो. भांडण दोघांचे असले, तरी पाया सगळ्यांचा हलला. त्या पायावर ज्याला प्रीमियम मिळू शकला तो वाचला, आणि ज्याला मिळू शकला नाही त्याने, कोणतेही शुल्क त्याच्या मालावर नसताना, अमेरिकी शेतकऱ्याइतकीच झळ सोसली. अमेरिकी शेतकऱ्याला मात्र त्याच्या सरकारने जुलै २०१८ मध्ये १२ अब्ज डॉलरच्या साहाय्याची घोषणा करून बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट दिले, आणि पुढच्या वर्षी १६ अब्जांची दुसरी योजना आणली. छोट्या देशाच्या तिजोरीत असे पैसे नसतात.

पॅराग्वे : माल आहे, दार नाही

पॅराग्वे हा दक्षिण अमेरिकेतला, चहूबाजूंनी भूभागाने वेढलेला देश आहे. लोकसंख्या साठ-सत्तर लाख, म्हणजे इंदूर आणि उज्जैन या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्येहून फारशी जास्त नाही. तरीही सोयाबीनच्या निर्यातीत तो जगातल्या पहिल्या काही देशांत मोडतो. पूर्वेकडच्या आल्तो पराना, इतापुआ आणि कानिन्देयू या भागांत सप्टेंबरपासून पेरणी होते आणि जानेवारी ते मार्चमध्ये पीक निघते. समुद्र नसल्याने माल बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर, चढवून पॅराग्वे आणि पराना या नद्यांनी खाली अर्जेंटिनातल्या रोसारियोच्या परिसरातल्या गिरण्यांकडे किंवा उरुग्वेच्या नुएवा पाल्मिरा बंदराकडे नेला जातो. नदीचे पाणी आटले तर बार्ज कमी भरावी लागते आणि वाहतूक महागते. माळव्यातल्या व्यापाऱ्याने कांडला बंदरासाठी मालगाडीची रेक मिळण्याची वाट पाहावी, तसाच हा परावलंबीपणा आहे, फक्त त्यात सीमा परक्या देशाची आहे.

या देशाची खरी अडचण मात्र भूगोलाची नाही. पॅराग्वेने १९५७ पासून तैवानशी राजनैतिक संबंध ठेवले आहेत, आणि बीजिंग ज्यांच्याशी संबंध ठेवते त्यांनी तैवानला मान्यता देऊ नये ही चीनची ठाम अट आहे. परिणामी जगातल्या सर्वांत मोठ्या सोयाबीन-गिऱ्हाइकाला पॅराग्वे थेट माल विकत नाही. शांततेच्या काळात याची किंमत फारशी जाणवत नव्हती. चीनने ब्राझीलचा दाणा घेतला की युरोप किंवा इतर गिऱ्हाइकांची मागणी पॅराग्वेकडे वळे. सगळा बाजार एकाच भावाने जोडलेला असल्याने कोण कोणाला विकतो याने विशेष फरक पडत नसे.

जुलै २०१८ मध्ये तो एक भाव फुटला, आणि मैत्रीची किंमत अचानक डॉलरमध्ये दिसू लागली. ब्राझीलच्या सीमेपलीकडे, काही ठिकाणी तर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, एकाच मातीत उगवलेल्या दाण्याला चीनच्या मागणीचा प्रीमियम मिळत होता, आणि अलीकडे पॅराग्वेच्या शेतकऱ्यासमोर पडलेल्या शिकागोचा आधारभाव उभा होता. त्याचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे अर्जेंटिनातल्या गिरण्या. त्या गिरण्यांनाही आता दुसरा स्वस्त पर्याय होता, तो म्हणजे खुद्द अमेरिकेचा दाणा. चीनला नको असलेला तो माल रोसारियोत येऊन पडू लागला, कारण २०१८ च्या दुष्काळात अर्जेंटिनाचे स्वतःचे पीक पावणेचार कोटी टनांच्या आसपास घसरले होते आणि गिरण्यांना दाणा हवा होता. म्हणजे पॅराग्वेच्या मालाला स्पर्धा होती ती चीनने नाकारलेल्या मालाशी. व्यापारयुद्धात जे घडायला नको असे छोट्या विक्रेत्याला वाटेल, ते हेच: त्याच्या बाजारात मोठ्याचा उरलेला माल येणे.

त्या वर्षीच्या घटनाक्रमाने हा पेच आणखी ठळक केला. १५ ऑगस्ट २०१८ ला मारियो आब्दो बेनितेस यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा तैवानच्या अध्यक्षा त्साई इंग-वेन समारंभाला हजर होत्या, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत एल साल्वादोरने तैवानशी संबंध तोडून चीनशी जोडले. पनामाने तेच २०१७ मध्ये, डॉमिनिकन प्रजासत्ताकाने मे २०१८ मध्ये केले होते. पॅराग्वेने तसे केले नाही. तैवान त्याचे गोमांस घेतो, २०१७ मध्ये दोघांनी आर्थिक सहकार्याचा करार केला आहे, आणि वर्षानुवर्षे रस्ते, घरे आणि शिष्यवृत्त्यांच्या रूपाने मदत येते. एप्रिल २०२० मध्ये चीनशी संबंध जोडण्याचा प्रस्ताव पॅराग्वेच्या सिनेटपुढे आला आणि फेटाळला गेला.

हा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. साठ वर्षांची साथ एका हंगामाच्या प्रीमियमसाठी सोडावी का, हा प्रश्न बाजाराच्या वहीत सुटणारा नाही, आणि ज्यांनी चीनचे दार धरले त्यांना उद्या चीनच्या रागाची भीती आहेच. पण प्रकरण म्हणून पाहताना एवढे नोंदवावे लागते की या निर्णयाचा खर्च सोयाबीन पिकवणाऱ्याने भरला, आणि फायदा मुख्यतः इतरांना झाला. छोट्या देशात असा हिशोब मांडून भरपाई देण्याची पद्धत क्वचितच असते.

अर्जेंटिनाबद्दल थोडेसे

अर्जेंटिनाला छोटा देश म्हणणे धाडसाचे आहे, पण या प्रकरणात तो मधल्या पायरीवर उभा आहे. दाणा न विकता तो दळून पेंड आणि तेल विकण्यावर त्याचा सारा उद्योग उभा होता, आणि त्यासाठी दाण्याच्या निर्यातीवर जास्त व पेंडीवर कमी कर असे. चीनला मात्र दाणाच हवा होता, कारण दळण्याच्या गिरण्या त्याच्या स्वतःच्या होत्या. अर्जेंटिनाची पेंड घ्यायला चीन २०१९ च्या सप्टेंबरपर्यंत तयार नव्हता. त्यामुळे २०१८ मध्ये एक विचित्र दृश्य दिसले: अर्जेंटिनाचा दाणा चीनला जात होता आणि गिरण्या चालू ठेवण्यासाठी अमेरिकेचा दाणा अर्जेंटिनात येत होता. त्याच वर्षी पैशाच्या टंचाईमुळे सरकारने निर्यातकराची रचना बदलून दाणा आणि पेंड यांतला फरक मिटवला, आणि गिरण्यांचे संरक्षण गेले. कच्चा माल विकण्याचा मोह मोठ्या गिऱ्हाइकाच्या निवडीतून येतो, हे इंदूरच्या प्लांटवाल्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

माळव्यात काय घडले

आता काकांच्या प्रश्नाकडे. माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पूर्वी बरीचशी शेते पडीक ठेवून रब्बीत गहू घेत. १९७० नंतरच्या काळात त्या पडीक हंगामात सोयाबीन आले आणि इंदूर हे या पिकाचे भारतातले केंद्र झाले. प्रक्रियादारांची देशपातळीवरची संघटना इथे आहे, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था खंडवा रस्त्यावर आहे, आणि देशाच्या वायदेबाजारात सोयाबीनचा सौदा इंदूरच्या भावावर ठरत असे. इतके असूनही जगाच्या हिशोबात आम्ही लहान आहोत. भारताचे सारे पीक एक कोटी टनांच्या आसपास. चीनची आयात नऊ कोटी टनांच्या. सगळेच्या सगळे पीक उचलून दिले, तरी चीनला चाळीस दिवस पुरेल.

आणि आम्ही दाणा विकतही नाही. प्लांटमध्ये दाण्यातून सुमारे १८ टक्के तेल निघते, ते देशातच खपते. उरलेली पेंड, जिला इंदूरचा बाजार डीओसी म्हणतो, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि जी उरते ती परदेशी. शून्य शुल्क दाण्यावर लागू झाले तेव्हा द्यायला दाणा नव्हता. पेंडीवरचे शुल्कही त्याच आदेशात शून्य झाले होते, पण चीनने २०१२ च्या सुमारास भारतीय पेंडीला गुणवत्तेच्या कारणाने दार लावले होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातली मोहरीवर्गीय रेपसीडची पेंड मोकळी झाली. त्या वेळी आमच्या कार्यालयात मोठी आशा निर्माण झाली होती, पण प्रत्येक प्लांटची चीनकडे नोंदणी, तपासणी, प्रमाणपत्रे यांची साखळी हंगामाच्या गतीने चालत नाही. शुल्क हा दाराचा एकच अडसर असतो. त्यामागे कडी, कोयंडा आणि साखळी असते, हे मी त्या वर्षी शिकलो.

तिसरी गोष्ट भावाची. आमची उत्पादकता हेक्टरी एक टनाच्या आसपास आणि ब्राझील-अमेरिकेची तीन टनांच्या वर, त्यामुळे आमची पेंड मुळातच महाग. जनुकबदल न केलेली म्हणून जपान आणि युरोपातले काही गिऱ्हाईक जादा देतात, पण शिकागो पडल्यावर तेही जुन्या आकड्याला हात लावत नाहीत. तेलाची बाजूही पडलेली होती. मलेशियाचे पामतेल नोव्हेंबर २०१८ मध्ये टनाला २,००० रिंगिटच्या खाली गेले, आणि सोयाबीनचा प्लांटभाव तेल आणि पेंड या दोन पायांवर उभा असतो. दोन्ही पाय एकदम लुळे पडले, म्हणून मंडीतली बोली हमीभावाच्या खाली राहिली. रुपया ऑक्टोबरमध्ये डॉलरला ७४ च्या पुढे घसरला होता, त्याने निर्यातदाराला थोडा आधार मिळाला. तो नसता तर काकांना आणखी कमी भाव दिसला असता.

मग डिसेंबरनंतर भाव चढू लागला. घरी सगळ्यांनी धरून चालले की अखेर चीन आला. चीन आला नव्हता. आमच्या टेबलावरची कागदपत्रे इराणची होती. अमेरिकेने मे २०१८ मध्ये इराणबरोबरच्या अणुकरारातून अंग काढून ५ नोव्हेंबरपासून तेल आणि बँकांवरचे निर्बंध पुन्हा लागू केले होते. भारताला काही महिन्यांची सवलत मिळाली होती. त्या मुदतीत घेतलेल्या खनिज तेलाचे पैसे रुपयांत कोलकात्याच्या यूको बँकेतल्या खात्यात जमा होत, आणि इराण ते रुपये भारताकडून धान्य, चहा, औषधे आणि पेंड घेण्यासाठीच वापरू शकत असे. डॉलर मिळेना म्हणून इराणने अर्जेंटिना-ब्राझीलऐवजी आमच्याकडून पेंड घेतली, आणि त्या हंगामात तो आमचा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला. म्हणजे देवासच्या मंडीतली बोली वाढली ती दुसऱ्याच एका भांडणामुळे.

तेल-सवलत २ मे २०१९ ला संपली, भारताने इराणी तेल घेणे थांबवले, आणि त्या खात्यात नवे रुपये येणे बंद झाले. सुरुवातीला शिल्लक होती, पुढे ती आटत गेली. आमच्या प्लांटच्या दोन खेपा इराणच्या बंदर अब्बासला उतरून गेल्या आणि पैशांसाठी महिनोन् महिने पत्रव्यवहार चालला. मी ती पत्रे लिहीत होतो. समोरचा गिऱ्हाईक सभ्य होता, त्याचा हेतू चांगला होता, आणि त्याच्या हातात काही नव्हते. व्याज मात्र आमच्या खात्यावर चढत राहिले, आणि पुढच्या हंगामात आमच्या मालकांनी दाणा घेताना हात आखडता घेतला. दूरच्या दोन सरकारांमधल्या तारखेने मंडीतल्या बोलीपर्यंत पोहोचायला असा एक वर्षाचा वळसा घेतला.

कशाचे श्रेय कोणाला

प्रकरण लिहिताना सगळे काही शुल्काच्या माथी मारण्याची घाई होते, ती टाळली पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनच्या ईशान्येत शेनयांगजवळ आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग सापडला आणि पुढच्या वर्षभरात देशाचा डुकरांचा कळप प्रचंड घटला. डुकरे कमी म्हणजे पेंड कमी लागणार. त्यामुळे २०१९ मध्ये चीनची एकूण भूक कमी झाली होती, आणि ब्राझीलचा प्रीमियमही नंतर त्या उंचीवर राहिला नाही. अर्जेंटिनाचा दुष्काळ शुल्काच्या आधीचा होता. पॅराग्वेचे २०१८-१९ चे पीकही पावसाने ओढ दिल्याने घटले. शुल्क नसते तरी या वर्षांत भाव हलले असते. शुल्काने काय केले, तर त्यांना दोन वेगळ्या दिशांनी हलवले.

१५ जानेवारी २०२० ला अमेरिका आणि चीन यांनी पहिल्या टप्प्याचा करार केला. त्यात चीनने दोन वर्षांत, २०१७ च्या पातळीच्या वर, आणखी २०० अब्ज डॉलरचा अमेरिकी माल घेण्याचे वचन दिले, आणि त्यात शेतमालाचा मोठा वाटा होता. हे वचन पुढे पुरे झाले नाही. ठरलेल्या एकूण खरेदीच्या सुमारे ५८ टक्केच झाली. तरी छोट्या विक्रेत्याच्या दृष्टीने त्या करारातली चिंतेची गोष्ट वेगळी होती. भांडणात त्यांचा दोष नव्हता आणि समेटात त्यांना जागा नव्हती. कोणी कोणाकडून किती टन घ्यायचे हे दोन सरकारे टेबलावर ठरवू लागली, की स्वस्त आणि चांगला माल असूनही तिसऱ्याचा सौदा सुटू शकतो. अशा वेळी दाद मागायची जागा जागतिक व्यापार संघटनेतली अपील संस्था. ती ११ डिसेंबर २०१९ पासून, सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्याने, बंद पडली होती. मोठ्यांना त्या संस्थेवाचून फारसे अडत नाही, कारण ते उलट शुल्क लावू शकतात. पॅराग्वेने अमेरिकेवर उलट शुल्क लावले, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

व्हिएतनामचे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की छोट्यांना फायदाही होतो. होतो, चीनमधून हललेले कारखाने तिथे गेले आणि त्याची अमेरिकेला निर्यात वाढली. पण त्याच वाढीने तो नजरेत आला, २०१९ मध्ये बाहेरचे पोलाद वापरून बनवलेल्या त्याच्या काही मालावर अमेरिकेने ४०० टक्क्यांच्या वर शुल्क लावले, आणि एप्रिल २०२५ च्या यादीत त्याच्या नावापुढे ४६ टक्के हा आकडा होता, जो वाटाघाटींनंतर २० वर आला.

काकांचा निर्णय आणि त्यानंतर

काकांनी माल फेब्रुवारी २०१९ पर्यंत ठेवला आणि हमीभावापेक्षा चांगल्या दराने विकला. त्यांना वाटले, आपला अंदाज बरोबर ठरला. तो ठरला होता, पण कारण चुकीचे होते, आणि चुकीच्या कारणाने मिळालेला नफा पुढच्या वर्षी महागात पडतो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये अतिपावसाने पीक कमी झाले, भाव चढले, आणि जानेवारी २०२० मध्ये चांगला दर मिळत असताना त्यांनी पुन्हा माल रोखला, कारण वर्तमानपत्रात चीन-अमेरिका कराराची बातमी होती आणि आता जगभर भाव आणखी वाढतील असे त्यांना वाटले. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो ही अफवा पसरली, कुक्कुटपालकांनी पिल्ले गाडली, डीओसीची मागणी कोसळली आणि दर उतरला. चीनकडे डोळे लावलेल्या शेतकऱ्याला फटका त्याच्या जिल्ह्यातल्या पोल्ट्रीमधून बसला. दोन्ही वर्षी मी त्यांना योग्य वेळी योग्य माहिती देऊ शकलो नाही, याचे मला वाईट वाटते; ती माझ्याच टेबलावर पडलेली होती.

डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे देशात थांबवले गेले, तेव्हापासून इंदूरकडे स्वतःचा पुढचा भाव सांगणारी जागाही उरली नाही, आणि गावातली मुले मोबाईलवर शिकागो आणि मलेशिया पाहतात. २०२५ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला. मार्चमध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर १० टक्के जादा शुल्क लावले, पुढे दोघांची शुल्के शंभरी ओलांडून गेली आणि मेमध्ये खाली आली, तरी नव्या पिकाचे अमेरिकी सोयाबीन चीनने अनेक महिने घेतले नाही. सप्टेंबरच्या २२ तारखेला अर्जेंटिनाने निर्यातकर शून्य केला. या सवलतीला घातलेली सात अब्ज डॉलरच्या निर्यातीची मर्यादा तीन दिवसांत भरली आणि कर परत आला. तेवढ्या वेळात चीनच्या खरेदीदारांनी अनेक जहाजे बुक केली होती. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये समेट झाला, आणि चीनने वर्षअखेरपर्यंत एक कोटी वीस लाख टन, पुढची तीन वर्षे प्रत्येकी अडीच कोटी टन अमेरिकेकडून घेण्याचे मान्य केले.

काका आता शेत पाहत नाहीत. माझा चुलतभाऊ पाहतो. हमीभाव ५,३२८ रुपये, मंडीतली बोली त्याहून बरीच खाली, हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरक देणारी राज्याची भावांतर योजना सुरू, आणि इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा स्वस्त मक्या-तांदळाचा चोथा पोल्ट्रीत डीओसीची जागा घेतो आहे, अशा परिस्थितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याने फोन केला.

"दादा, समेट झाला म्हणे. थांबू का विकू?"

मी त्याला शिकागोचा आकडा सांगितला नाही. ओळखीच्या दोन प्लांटमध्ये विचारून एवढेच कळवले की त्यांची डीओसी या महिन्यात कोणत्या देशांना, कोणत्या चलनात विकली जाते आहे, पुढच्या दोन महिन्यांचे किती सौदे झाले आहेत, आणि किती पेंड पोल्ट्रीवाल्यांनी अजून उचललेली नाही. त्याने दुसऱ्या दिवशी अर्धा माल भावांतरच्या नोंदणीवर देवासला नेला, बियाण्यापुरता बाजूला काढला, आणि उरलेला ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी पुढच्या सोमवारी तीच चौकशी पुन्हा करायला मला सांगितले.